झाडाला पाणी कुणी घातलं?

परवापासून पुन्हा ती चिकचिक सुरू झाली. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, उघडीप म्हणावी तर तीही नाही. दोरीवरचे टॉवेल वाळायचं नाव घेत नाहीत, मिठाच्या बरणीत चमचा रुतून बसलाय, आणि मोशीतल्या आमच्या गॅलरीतून दिसणारी इमारतींची रांग भिजलेल्या पुठ्ठ्याच्या रंगाची झालीय. भाद्रपद तोंडावर आला की हवा अशीच होते. आणि अशी हवा झाली की माझी बोटं आपोआप कुंडीतल्या जेडच्या पानांकडे जातात. पान अंगठा आणि तर्जनीत धरायचं, हलकं दाबायचं. टणक लागलं की पुढचं. परवाही सगळी टणकच होती. तरी एकूण एक पान दाबल्याशिवाय मी काही तिथून हलले नाही.

सवय, दुसरं काय. चाकणच्या एका कंपनीत रबरी सील तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. सील हातात घ्यायचं, दाबायचं, उजेडाकडे धरायचं. चीर आहे का, फोड आहे का, कडेला जास्तीचं रबर राहिलंय का. चांगलं ते निळ्या ट्रेमध्ये, बाद ते लाल ट्रेमध्ये. दिवसभर हेच. घरी आल्यावर मी भाजीतला टोमॅटोसुद्धा तसाच उजेडाकडे धरून बघायचे, आणि भाजीवाल्या मावशी म्हणायच्या, ‘अगं ए, टोमॅटोच हाय त्यो, बॉम्ब न्हाई.’

हे जेडही कंपनीचंच. एका महिला दिनाला आम्हा सगळ्या बायकांना कॅन्टीनमध्ये बोलावून एकेक गुलाब दिला आणि पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत एकेक सक्युलंट. गुबगुबीत पानांचं, इवलंसं. ‘लो मेंटेनन्स आहे मॅडम, फार लक्ष द्यावं लागत नाही. एका कोपऱ्यात ठेवलं तरी चालतं,’ वाटप करणारी पोरगी म्हणाली. माझ्या लाइनवरची शैला कानात पुटपुटली, ‘म्हणजे आपल्यासारखंच की गं.’ आम्ही दोघी अशा काही हसलो की सुपरवायझरने मान वळवून पाहिलं.

ज्या पावसाळ्याची गोष्ट मनातून जात नाही, त्या पावसाळ्यात आम्ही या झाडाचं दुखणं शोधायला निघालो आणि सापडलं आईंचं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. लातूरकडच्या. सासरे गेल्यावर गावाकडच्या घराला कुलूप लावून प्रकाशने त्यांना इकडे आणलं. प्रकाश माझा नवरा. त्याच्यासमोर मी ‘अहो’ म्हणते आणि माघारी ‘प्रकाश’. आमच्या वयाच्या बायकांचं असंच असतं. तो भोसरीत मशीनवर. आईंना एकटं ठेवायला नको म्हणून आम्ही दोघांनी आपापल्या सुपरवायझरच्या हातापाया पडून उलट्या शिफ्ट मागून घेतल्या होत्या. मी फर्स्टला असले की तो सेकंडला, तो फर्स्टला गेला की मी सेकंडला. घरात सतत कुणीतरी असायचं आणि दोघं मिळून जागे कधीच नसायचो. बरं, सुट्टी तरी एका दिवशी? तीही नाही. भोसरीला गुरुवार, माझ्या कंपनीला रविवार, आणि तो दिवसही दळण-बाजारातच जायचा. संसार चालला होता तो जिन्यात. मी वर येतेय, तो खाली उतरतोय. ‘भात लावलाय.’ ‘सिलिंडर सांगितलाय.’ ‘जपून जा, रस्ता ओला आहे.’ एवढंच बोलणं, आणि कधीकधी तेही चुकायचं.

कंपनीत शिफ्ट बदलताना हॅन्डओव्हर असतो. जाणारी बाई येणारीला सांगते, अमुक मशीन नखरे करतंय, तमुक माल अडवून ठेवलाय. ते सांगितल्याशिवाय कुणी हेअरनेट काढत नाही. घरी आम्ही भात आणि सिलिंडर सांगत होतो. आईंबद्दल काय सांगायचं? आई आहेत, टीव्हीसमोर बसल्यात, ठीक आहेत.

तर त्या श्रावणात जेडची खालची पानं पिवळी पडायला लागली. पिवळी म्हणजे वाळकी नव्हेत, पिकल्या द्राक्षासारखी, आतून पाणी दिसावं अशी. हात लागला की टपकन गळायची. वरची पानं मात्र सुरकुतलेली. आता सुरकुत्या पडल्या म्हणजे झाडाला तहान लागली असणार, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. मी एक मग पाणी जास्त घातलं. दुसऱ्या दिवशी आणखी पानं खाली.

मग सुरू झाले उपचार. नर्सरीवाला म्हणाला, खत कमी पडतंय. त्याने कसलेतरी हिरवे दाणे दिले, ते टाकले. शैला म्हणाली, ऊन पाहिजे गं त्याला. पण पावसाळ्यात ऊन काय वाण्याकडून आणू? तरी कुंडी उचलून ग्रीलच्या टोकाला ठेवली, तिथे पावसाची झड यायला लागली. पानांच्या बेचक्यात पांढरं कापसासारखं काहीतरी दिसलं, तेव्हा आई जवळ येऊन म्हणाल्या, ‘काय बघलालीस गं? पिठ्या ढेकूण हाय त्यो. आमच्या कापसावर पडायचा.’ बरोबर होतं त्यांचं. करोनाच्या वेळची सॅनिटायझरची बाटली अजून कपाटात होती. कापसाचा बोळा त्यात बुडवून एकेक बेचकं पुसलं, दोन-तीनदा पुसलं, मग साबणाचं पाणी फवारलं. ढेकूण गेले. पानं गळायची ती गळतच राहिली. माणसाने एका झाडासाठी किती डोकं लावावं? पण मला राग आला होता. दिवसभर दुसऱ्यांच्या मालातले दोष काढते आणि घरातला एक दोष मला सापडू नये, याचा.

शेवटी कंपनीतलीच पद्धत काढली. आमच्याकडे माल बाद झाला की व्हाय-व्हाय करतात. का झालं, त्याचं का, त्याचंही का, असं विचारत मुळाशी जायचं. पान का गळलं? मऊ पडलं म्हणून. मऊ का पडलं? पाणी जास्त झालं म्हणून. जास्त का झालं? इथे मी अडले. मी तर रोज फक्त एकदाच घालत होते, कामावरून आल्यावर. जिन्यात प्रकाशला विचारलं, ‘तुम्ही झाडाला पाणी घालता का?’ तो बूट घालता घालता म्हणाला, ‘रोज घालतो की. आल्या आल्या. तुला कुठं वेळ असतो?’

कपाळ माझं! दोघंही एकमेकांवर उपकार करत होतो आणि झाड बुडत होतं. मला इतकं हसू आलं की पायरीवरच बसले. तोही हसला, त्याची बस सुटायची वेळ झाली होती तरी. किती दिवसांनी आम्ही एकाच गोष्टीला एकाच वेळी हसलो होतो कोण जाणे. ठरलं, आता कुणीच घालायचं नाही. सक्युलंटला माती कोरडी झाल्याशिवाय थेंबही नको असतो, पान स्वतःच पाणी साठवून ठेवतं, हे तोवर मला कळलं होतं.

आम्ही पाणी बंद केलं. मातीत बोट घालून बघितलं, तर माती ओलीच. पुढच्या दिवशी ओली. त्याच्याही पुढच्या दिवशी कुंडीखालच्या बशीत पाणी साठलेलं. मी म्हटलं, हवा दमट आहे, वाळत नसेल. प्रकाशला वाटलं, मी ऐकत नाही, गुपचूप घालते. मला वाटलं, तोच विसरून घालतो.

पण त्या दिवसांत आमच्यात धुसफूस चालली होती ती काही झाडावरून नव्हती. एकदा जिन्यात तो थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘आईला दुपारी जेवायला वाढतेस ना?’ मला आधी कळलंच नाही. ‘म्हणजे?’ ‘नाही, ती म्हणत होती. रोजच म्हणते. सकाळपासून पोटात काही नाही म्हणून. मग मी वाढतो.’ मी गरम भाकरी थापून, समोर बसून, दुसरी घ्या म्हणून आग्रह करून कामावर जात होते, आणि माझा नवरा मला विचारत होता की तू वाढतेस ना. तिथेच काही बोलले असते तर सगळा जिना ऐकायला उभा राहिला असता. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसले आणि चाकणपर्यंत डोळे पुसत गेले. आईंचाही राग आला, त्याचाही आला. सून जेवायला घालत नाही, एवढं एक वाक्य बाईच्या अंगाला चिकटलं की ते निघत नाही, नातेवाइकांपर्यंत जातं, गावापर्यंत जातं. मला वाटायला लागलं होतं की हा पावसाळा संपेपर्यंत आम्ही तिघं एका छताखाली राहणार नाही.

गणेश चतुर्थीला दोन्ही कंपन्या बंद. कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघं सकाळपासून घरात होतो. दोघांनाही चुकल्याचुकल्यासारखं होत होतं, घरात परकं माणूस असल्यासारखं. त्याने गणपती बसवला, मी मोदकांच्या मागे. आई न्हाऊन, नवं लुगडं नेसून गॅलरीत आल्या, मगभर पाणी जेडला घातलं आणि आत येऊन बसल्या. मी काही म्हणणार होते, पण म्हटलं सणाचा दिवस आहे. आरती झाली. आई उठल्या, ‘आगं मंगल, ह्या झाडाला कुणी पानीच घातलं न्हाई बग आज,’ म्हणाल्या आणि मगभर पाणी पुन्हा घातलं. जेवणं झाली. चांगले दोन मोदक खाल्ले त्यांनी, वर तूप मागून घेतलं. आम्ही भांडी आवरतोय तोवर त्या पुन्हा मग घेऊन निघालेल्या. ‘कुणीच कसं पानी घालत न्हाई गं. सुकलंय बिचारं.’ आणि परत येऊन प्रकाशच्या शेजारी बसून हळूच म्हणाल्या, ‘परकास, जेवायचं बगा की आता. सकाळपासनं पोटात काई न्हाई माज्या.’

त्यांच्या ओठाच्या कडेला अजून सारणातलं खोबरं होतं.

प्रकाशने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. वर्ष-दीड वर्ष आम्ही आईंना तुकड्यातुकड्याने बघत होतो. माझ्या वाट्याला अर्धा दिवस, त्याच्या वाट्याला अर्धा. प्रत्येकाच्या अर्ध्यात त्या ठीकच होत्या. एकदा पाणी घालणारी, एकदा भूक लागली म्हणणारी म्हातारी बाई; त्यात काय वावगं? पूर्ण दिवस सलग आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. प्रकाश उठला, स्वयंपाकघरात गेला, आणि एका वाटीत थोडा वरणभात कालवून घेऊन आला. आईंना तो घास घास करून भरवायला लागला. मग मला म्हणाला, ‘मंगल, मी तुला फार वाईट बोललो.’ मी म्हटलं, ‘जाऊ द्या. तुम्हाला तरी काय माहीत होतं.’ पण रडू मात्र आलंच.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून जेड कुंडीतून उपटून काढलं. मुळं तपकिरी झाली होती, बोटात धरली की लिबलिबीत होऊन निघून यायची, आणि कुबट वास. तेव्हा उमगलं की पानं सुरकुतली होती ती तहानेनेच. पण मुळं कुजलेली असल्यामुळे घातलेलं पाणी वर पोचतच नव्हतं. आणि आम्ही सुरकुत्या बघून आणखी ओतत होतो. कात्री उकळत्या पाण्यातून काढून कुजलेलं सगळं कापलं. खोडही खालून काळं पडलं होतं, ते हिरवं लागेपर्यंत छाटत गेले. शेवटी हातात राहिली एक फांदी, वरची थोडी पानं असलेली. कापाच्या जागी हळद दाबली. आई पाटावर बसून सगळं बघत होत्या. ‘तशी उघडी टाकू नगंस गं,’ म्हणाल्या, ‘गार वारं लागंल तिला.’ मी फांदी पेपरवर तशीच सुकायला ठेवली. जखम वाळल्याशिवाय मातीत लावायची नसते. मग बारीक खडी, वाळू आणि थोडी माती अशी कुंडी भरून ती रोवली आणि पाण्याचं नावही काढलं नाही.

माणसाचं असं कापून काढता येत नाही. पिंपरीतल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. आईंना त्यांनी महिना विचारला, आईंनी चटकन सांगितलं, ‘भादवा.’ मग मुलं किती, ते विचारलं. आईंनी प्रकाशकडे पाहिलं आणि ‘हा एवढाच,’ म्हणाल्या. प्रकाशला एक बहीण आहे, अंबाजोगाईला. तो खिडकीबाहेर बघायला लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या देते, पण यातून मागे येणं नसतं. आता एवढंच बघा की यांना एकटं ठेवायचं नाही आणि हातातली कामं एकदम काढून घ्यायची नाहीत. बाहेर येताना आई मला म्हणाल्या, ‘बाई चांगली हाय, पण लई चौकशा करती.’

दोघांपैकी एकाने घरी बसायला हवं होतं. कुणी, हे विचारायची वेळसुद्धा आली नाही. राजीनामा मी दिला. शेवटच्या दिवशी शैलाने लाइनवर सगळ्यांना पेढे वाटले आणि स्वतःच रडत बसली. मला वाटलं होतं, घरी बसले की निदान थकवा तरी जाईल. कुठलं काय! कंपनीत बेल वाजली की सुटका होती. इथे बेल नाही. तेच प्रश्न, तीच उत्तरं, तेच जेवण पुन्हा वाढणं, गॅस बंद आहे का हे पुन्हा बघणं. दिवसभरात एकदा तरी मी मोरीत जाऊन नळ सोडते आणि नुसती उभी राहते. चिडतेही. का चिडू नये? मी काही देवी नाही. आणि चिडल्यावर त्या घाबरून बघतात, तेव्हा जीव नकोसा होतो.

राहिला प्रश्न पाण्याचा. जेडची ती फांदी जगली, नवी पानं धरली. पण आईंच्या हातात मग दिसला की मी तो काढून लपवून ठेवायचे. तो मग कुठे गेला म्हणून त्या घरभर हिंडायच्या, चिडचिड करायच्या, एकदा तर पातेल्यानेच पाणी घालायला निघाल्या. त्यांच्याकडे ते एकच काम उरलं होतं. झाड वाचवायचं तर ते काम काढून घ्यावं लागत होतं, आणि काम द्यायचं तर झाड मरत होतं. शेवटी भाजीवाल्या मावशींकडून अळूचे कंद आणले. रंगाच्या रिकाम्या बादलीला खाली भोकं पाडून त्यात लावले आणि जेड उचलून आतल्या खिडकीत, कपाटाच्या आडोशाला ठेवलं. अळूला कितीही पाणी घाला, त्याचं कधी नाही म्हणणं नाही. थोड्याच दिवसांत सुपाएवढी पानं झाली. आईंनी पहिल्या दिवशी ओळखलं, ‘चमकुरा हाय की गं ह्यो!’ त्यांच्याकडे अळूला चमकुरा म्हणतात. त्यानंतर कधी ओळखतात, कधी त्यालाच जेड समजून मोठं झालं म्हणून कौतुक करतात. पाणी मात्र चुकत नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंची तक्रार येते की तुमचं पाणी आमच्या कपड्यांवर पडतं. तर त्यांना मी अळूवड्या नेऊन देते. दुसरं काय करू?

काल दुपारनंतर जरा उघडलं होतं. मी गॅलरीत कपडे चाचपून बघत होते. आई मग घेऊन आल्या, बादलीत पाणी ओतलं, पानांवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून, पदर नीट करून, पाहुण्याशी बोलावं तशा म्हणाल्या, ‘तुमी वरच्या मजल्यावरच्या का?’

असं अधूनमधून होतं हल्ली. मी त्यांना दुरुस्त करणं सोडून दिलंय. म्हटलं, ‘हो.’

‘मग बसा की जरा. माजी सून येईल आता कंपनीतनं.’ खालच्या रस्त्याकडे बघत त्या म्हणाल्या. ‘लई दमती वो ती. उभ्यानं काम असतंय तिचं. आली की पर्स बी ठेवत न्हाई, ह्या झाडाला पानी घालाया लागती. म्हणून म्या आदीच घालून ठिवते. तेवढंच तिला बूड टेकाया मिळतंय.’ मग जरा थांबल्या, हातातल्या मगाकडे बघितलं. ‘घातलं का न्हाई, ते ध्यानात ऱ्हात न्हाई बगा माज्या. म्हणून पुन्यांदा घालते.’

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. खालून टेम्पो गेले, कुणाची तरी स्कूटर गेली. आई ग्रीलला कपाळ टेकून कंपनीची बस येते का बघत होत्या. आणि खरं सांगते, मीही बघत होते.